खांद्यावर वेताळ देणारा माणूस गेला : 'चांदोबा'चे शंकर

तापीकाठ | ३० सप्टेंबर २०२०, रात्री ९.४०

काल चेन्नईत के. सी. शिवशंकरन वारले. या नावाने कोणाला काही आठवणार नाही, म्हणून दुसऱ्या नावाने सांगतो: 'चांदोबा' या मुलांच्या मासिकातले शंकर. तरी लक्षात नाही आलं? मग हातात उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत, पायाशी कवट्या आणि साप, आणि या सगळ्याकडे ढुंकूनही न बघता चाललेला मिशीवाला राजा आठवा. तो राजा त्यांचा.

जन्म १९२४ चा, तमिळनाडूतल्या एका खेड्यातला. मद्रासच्या सरकारी कला शाळेत शिकले, १९४६ पासून 'कलैमगल' या तमिळ मासिकात चित्रं काढली आणि १९५२ मध्ये नागी रेड्डी-चक्रपाणी यांच्या 'चंदामामा'त आले. मूळ मासिक जुलै १९४७ पासून तेलुगू आणि तमिळमध्ये निघत होतं. मराठी 'चांदोबा' सुरू झाला तो एप्रिल १९५२ मध्ये. म्हणजे शंकर आणि मराठी चांदोबा एकाच वर्षी कामाला लागले. तिथून पुढे मासिक बंद पडेपर्यंत साठेक वर्षं हा माणूस तिथेच. आमच्याकडच्या पेपरात मला आज एक ओळ दिसली नाही, म्हणून हा धागा.

बातमी देऊन थांबणार होतो, पण एक गोष्ट डोक्यात घोळतेय. 'विक्रम-वेताळ वाचून रात्री एकट्याने अंगणात जायची छाती व्हायची नाही' असं आपल्यातले निम्मे लोक सांगतात. मी लॉकडाउनमध्ये माळ्यावरचे अंक काढून पुन्हा वाचले. त्या गोष्टींत घाबरण्यासारखं काही नाही हो! एका राजाने दान दिलं, दुसऱ्याने नाकारलं, तिसऱ्याने जीव दिला, तर यात मोठा कोण? गावच्या पंचांपुढे यावीत अशी ही प्रकरणं. वेताळपंचविशी सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त आहे, अकराव्या शतकातला ग्रंथ. त्यात तरी देवळात मुंडकी उडतात आणि बाई गडबडीत नवऱ्याचं डोकं दुसऱ्याच धडाला लावते. चांदोबाने त्या पंचवीस संपल्यावर दर महिन्याला नव्या गोष्टी वेताळाच्या तोंडी घातल्या आणि त्या अगदीच सोज्वळ. मग भीती आली कुठून? माझ्या मते ती सगळी वरच्या एका चित्रातून आली. लेखकाने न्यायनिवाडा लिहिला, स्मशान शंकरने पुरवलं.

पटत असेल तर लिहा, नसेल पटत तर जास्त लिहा. आणि खान्देशातल्या मंडळींनी अंक तुमच्यापर्यंत कसा पोचायचा तेही सांगा.

मेहरूण_तलाव | ३० सप्टेंबर, रात्री ९.५८

मे महिन्यात भयकथाकार रत्नाकर मतकरी गेले, आता हे. भीती घालणारी माणसं एकेक करून चालली. 🙏

भुसावळ_आउटर | ३० सप्टेंबर, रात्री १०.२५

वाईट झालं. माझा सगळा चांदोबा भुसावळ जंक्शनवरचा. वडील गार्ड होते, ड्यूटीवरून येताना फलाटावरच्या स्टॉलवरून आणायचे. गाडीला उशीर झाला की घरी येईपर्यंत तो त्यांनी स्वतःच वाचून काढलेला असायचा.

आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो, म्हणजे एका भिंतीपलीकडे तमिळ, दुसऱ्या भिंतीपलीकडे तेलुगू. तमिळ घरी 'अंबुलिमामा' यायचा, तेलुगू घरी 'चंदमामा'. एका दुपारी आम्ही तिघा पोरांनी तिन्ही अंक फरशीवर उघडून शेजारी शेजारी ठेवले. राजा तोच, झाड तेच, कवटी त्याच कोपऱ्यात. अक्षरं तेवढी निराळी. आम्हाला वाटलं होतं, आपापला वेताळ आपापल्या गावचा! पुढे कळलं की छपाईचं गणितच तसं होतं: चित्रांच्या जागा सगळ्या भाषांना सारख्या, आणि उरलेल्या जागेत त्या त्या भाषेचा मजकूर बसवायचा. त्यामुळे मराठीत कधी कधी शेवटचा परिच्छेद घाईघाईने आटपल्यासारखा वाटतो.

तापीकाठ, तुमच्या म्हणण्याला माझ्याकडून पुरावा घ्या. तमिळचं मला अक्षर कळत नव्हतं. तरी ते पान उघडल्यावर पोटात व्हायचं ते तेच.

गिरणाकाठना_पोऱ्या | ३० सप्टेंबर, रात्री १०.४१

मन्हं गाव पारोळा तालुकामा. आम्हना गावमा चांदोबा येकच घर ये, मास्तरना. शनवारे शाळा सुटनी का आम्ही पाच-सात पोऱ्या त्यासना वट्टावर. मास्तर वाची दाखाडेत, पन चित्र दखाले सगळासन्या मुंडक्या मजार. येक पोऱ्या त्या पानवर हात ठेवाले बी भ्याये. आते तो फौजदार शे!

वरणगाव_फाटा | ३० सप्टेंबर, रात्री १०.४४

हाहाहा, फौजदार! त्याला हा धागा पाठवा.

निंबाचा_पार | ३० सप्टेंबर, रात्री ११.१०

शंकर यांना आदरांजली. पण त्यांना भयचित्रकार ठरवण्याची घाई चाललीय, तिला माझा विरोध नोंदवून ठेवतो.

चांदोबात दोन मोठे चित्रकार होते आणि त्यातले भीतीचे खाते 'चित्रा' यांच्याकडे होते. चित्रा म्हणजे टी. व्ही. राघवन, कुठल्याही कला शाळेत न गेलेला, स्वतःच्या हिकमतीवर शिकलेला माणूस. दासरि सुब्रह्मण्यम यांच्या त्या लांबलचक धारावाहिक गोष्टी आठवा. मांत्रिक, एकडोळे राक्षस, गुहेतले विचित्र प्राणी, सगळे 'चित्रा' यांच्या हातचे. घाम फुटायचा तो तिथे. शंकरचा वेताळ मला तर बिचारा वाटायचा. कायम लोंबकळलेला, कायम बडबडणारा, आणि प्रत्येक वेळी झाडावर परत जायची दगदग.

शंकर म्हणजे राजवाडे, देवळं, रथ, रामायण, जातककथा. रेखीव, सात्त्विक काम. मुखपृष्ठांचं म्हणाल तर ते वपा यांचं, म्हणजे वड्डादि पापय्यांचं राज्य. ज्याचं श्रेय त्याला द्या एवढंच.

तापीकाठ | ३० सप्टेंबर, रात्री ११.३२

'चित्रा' यांचे राक्षस मलाही आवडतात. पण राक्षस कितीही मोठा असला तरी शेवटी नायक त्याला मारणार हे माहीत असायचं, आणि चार-सहा महिन्यांत तो मरायचाही. वेताळाला कोणी मारलं?

बोरू_आणि_दौत | १ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

अमळनेरच्या एका शाळेत कलाशिक्षक होतो, आता निवृत्त आहे. रात्रीच वाचलं होतं, पण मोबाइलवर एवढं लांब टंकवत नाही, म्हणून सकाळी संगणकापुढे बसलो.

वर्गात मुलांना 'भीती' हा विषय दिला की कागदावर काय येतं ते मी बरीच वर्षं पाहिलंय. सुळे, रक्त, वटारलेले डोळे, मोकळे केस. हुशारातली हुशार मुलंसुद्धा सगळा जोर भुतावर लावतात. शंकरने जोर राजावर लावलाय. भूत बघून आपण घाबरायचं, हे तर ठरलेलंच. पण चित्रातला माणूस अजिबात घाबरलेला नाही हे दिसल्यावर पोर गडबडतं. याला काय माहीत आहे जे मला माहीत नाही? की हाही त्यांच्यातलाच? माझ्या आठवणीतली धास्ती ती होती, प्रेताची नव्हती.

दुसरं, वजन. त्या प्रेताला वजन आहे. बाजार समितीत ज्वारीचं पोतं घेतलेला हमाल बघा, एक खांदा खाली, कंबर दुसऱ्या बाजूला, पाऊल पूर्ण टेकवून टाकलेलं. राजाची चाल तशी आहे. आणि प्रेताचे हात पाहा, ते पकडत नाहीत, नुसते लोंबतात. मेलेल्या माणसाचे हात असेच असतात हे ज्याने कोणाला शेवटचं उचललंय त्याला ठाऊक असतं. लहान मुलाने असं काही पाहिलेलं नसतं, तरी त्याला ते खरं वाटतं. शरीरशास्त्राचा पाया कच्चा असलेल्या चित्रकाराला हे साधत नाही, तो भुताला हवेत तरंगवून मोकळा होतो.

निंबाचा पार यांचं म्हणणं अर्धं मला मान्य आहे. शंकर रेखीव होते. राजवाड्याचा खांब काढला तर तो खांब छत पेलेल असा काढायचे. दागिना काढला तर तो सोनाराला घडवता येईल असा. पण म्हणूनच वेताळ चालून गेला! ज्या माणसाचा खांब खरा, धोतराची चूण खरी, घोड्याचा खूर खरा, त्याने त्याच शाईने, त्याच निगुतीने एक बोलणारं प्रेत काढलं तर मुलाने काय समजायचं? 'चित्रा' यांचे राक्षस अद्भुत होते, ते दूरच्या बेटावर राहायचे. हा आपल्या गावाबाहेरच्या वाटेवर होता.

तिसरी गोष्ट कोणी बोललं नाही. गोष्टीच्या आतली चित्रं दर महिन्याला नवी असत, पण सुरुवातीचं ते विक्रम-वेताळाचं चित्र वर्षानुवर्षं तेच. संपादकांनी सोयीसाठी केलं असेल. परिणाम काय झाला? महिनाभराने अंक उघडला की राजा जिथे होता तिथेच. आपण चौथीतून पाचवीत गेलो, हा अजून स्मशानातच. मुलं अशा चित्राचा अभ्यास करतात, पुस्तकाचा करत नाहीत तेवढा. माझ्या वर्गातल्या एकाने ते अंक न बघता फळ्यावर काढलं होतं. मी ते दोन दिवस पुसू दिलं नाही, गणिताचे सर चिडले.

रानमोगरा | १ ऑक्टोबर, सकाळी ८.०२

सर, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका ना. वाचनखूण साठवली आहे.

फैजपुरी | १ ऑक्टोबर, दुपारी १.२०

बोरू सर, तुम्ही मद्रासच्या कला शाळेकडे वळाल असं वाटलं होतं, नाही वळलात, म्हणून मी.

शंकर तिथे शिकले तेव्हा प्राचार्य होते देवीप्रसाद रॉय चौधुरी, चित्रकारही आणि शिल्पकारही. १९२९ पासून पन्नासच्या दशकापर्यंत ती शाळा त्यांनी चालवली. हे देवीप्रसाद बंगालचे चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य. आता अवनींद्रनाथांचे दुसरे शिष्य कोण? नंदलाल बोस. आणि नंदलाल बोस १९३६ च्या डिसेंबरात कुठे होते? आमच्या फैजपुरात! खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, गांधीजींनी सजावटीसाठी त्यांना बोलावलं, आणि त्यांनी इथल्याच बांबू-गवतातून टिळकनगर उभं केलं. आमचे आजोबा त्या बांधकामाला गाडीने बांबू वाहणाऱ्यांत होते असं घरात सांगतात. (घरात सांगतात. जाणकारांनी उलटतपासणी घेऊ नये.)

म्हणजे वेताळाच्या चित्रकाराचे गुरू आणि फैजपूरची कमान उभारणारा हे गुरुबंधू.

अजून एक. हेच नंदलाल तरुणपणी, १९०९ च्या सुमारास, लेडी हेरिंगहॅमबरोबर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आले होते. जळगावहून अजिंठा किती लांब आहे ते इथल्यांना सांगायला नको. त्या नकलांनंतर अर्धमिटले डोळे, लांब बोटं, गळ्यातल्या मोत्यांच्या ओळी हे सगळं बंगालच्या चित्रकारांच्या हातात बसलं. शंकरच्या राण्या आणि दासी समोर घेऊन बसा, मग पहिल्या लेण्यातल्या बायका बघा.

निंबाचा_पार | १ ऑक्टोबर, दुपारी १.४५

फैजपुरी, फार लांबून ओढत आणलंत. उद्या म्हणाल, वेताळ लेवा पाटीदार होता.

फैजपुरी | १ ऑक्टोबर, दुपारी १.५२

एवढं बोलतो म्हटल्यावर शक्यता नाकारता येत नाही.

शाईचा_डाग | १ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

मी धुळ्याचा, सध्या पुण्यात ॲनिमेशन शिकतोय (म्हणजे घरात बसून स्क्रीनकडे बघतोय). माझ्या पिढीला चांदोबा रद्दीतून मिळाला. नवे अंक यायचे तेव्हा आम्ही बसस्टँडवर हिंदी राज कॉमिक्स भाड्याने घेऊन वाचत होतो.

हा धागा वाचताना मला बर्नी राइटसन आठवत होता. अमेरिकन भयकॉमिक्सचा बाप माणूस, 'स्वॅम्प थिंग' हा दलदलीतला राक्षस त्याने आणि लेखक लेन वीनने १९७१ मध्ये उभा केला. २०१७ च्या मार्चमध्ये गेला. तेव्हा आमच्या ग्रुपवर आठवडाभर नुसती त्याची चित्रं. त्याचं सगळ्यात मोठं काम मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'साठीची पेनने काढलेली चित्रं. कोणी मागितलेली नव्हती, इतर कामांतून वेळ काढून जवळजवळ सात वर्षं तो ती काढत राहिला आणि १९८३ ला पुस्तक आलं. त्यातली प्रयोगशाळा बघितली तर वेड लागतं. शंभर बाटल्या, प्रत्येकीवर वेगळा उजेड.

बोरू सर म्हणाले तेच तिथेही आहे. राइटसनचा राक्षस स्वतः भीतिदायक कमी आणि दुःखी जास्त आहे. आजूबाजूच्या वस्तू इतक्या खऱ्या आहेत की त्यांच्यामध्ये उभा असलेला तो नाकारता येत नाही. फरक एवढाच की राइटसन शाळेत न जाता पोस्टाने आलेल्या अभ्यासक्रमावर शिकला, आणि त्याला सात वर्षं एका पुस्तकाला देता आली. शंकरना दर महिन्याला अंक गाठायचा होता. तरी हात ढिला नाही पडला.

राइटसनला तिकडे 'मास्टर' म्हणतात, त्याच्या मूळ चित्रांची लिलावात बोली लागते. आपल्याकडे शंकर म्हणजे 'लहान मुलांच्या मासिकातले ते चित्रकार'. हे मला खटकतं.

बोरू_आणि_दौत | १ ऑक्टोबर, सायंकाळी ६.१०

शाईचा डाग, खटकू द्या. पण त्यांना 'भारताचे राइटसन' मात्र करू नका. वयाने शंकर चोवीस वर्षांनी मोठे, आणि 'स्वॅम्प थिंग' येईपर्यंत ते वीसेक वर्षं चंदामामात होते.

रावेरची_लेक | २ ऑक्टोबर, रात्री १२.०५

सगळे प्रतिसाद वाचले. सहसा फक्त वाचते, आज लिहिते.

गोष्टीत भीती नव्हती हे मला पटत नाही. कारण सांगते.

आमचं केळीचं शेत. शेताच्या मोटारीला लाइट रात्रीच्या पाळीत असायची, त्या आठवड्यात पप्पा रात्री पाणी भरायला जायचे, हातात बॅटरी आणि काठी. वारा सुटला की केळीची फाटकी पानं वाजतात, तो आवाज माणूस चालल्यासारखा येतो. वाटेवर पिंपळ. पिंपळावर मुंजा आहे हे आमच्याकडे सांगावं लागत नाही, अट्रावलच्या मुंजोबाच्या यात्रेला आम्ही दरवर्षी जाणारी माणसं. आजीचा नियम एकच होता: रात्री वाटेत हाक आली तर ओ द्यायची नाही. आपल्या नावाने आली तरी नाही, आपल्या माणसाच्या आवाजात आली तरी नाही. पप्पा निघताना ती दारातून तेवढंच सांगायची, 'बोलू नको कोणाशी.'

आता विक्रमाची गोष्ट काय आहे? माणूस रात्री स्मशानातून चाललाय आणि त्याने बोलायचं नाही. वेताळ त्याला गोष्ट सांगतो, छान सांगतो, आणि शेवटी विचारतो. उत्तर माहीत असून गप्प बसला तर डोकं फुटणार. बोलला तर सगळी मेहनत वाया. आणि तो बोलतो! दर महिन्याला बोलतो. जी एक गोष्ट करायची नाही म्हणून आजी रोज सांगायची, ती हा शहाणा राजा न चुकता करायचा. मी अंक मिटून घ्यायचे ते त्या जागी. चित्र मला उलट बरं वाटायचं. चित्रात तो अजून गप्प असायचा.

तापीकाठ | २ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

रावेरची लेक, हा प्रतिसाद मी सकाळी घरात मोठ्याने वाचून दाखवला. आई म्हणाली, आमच्याकडे तीन हाकांचा नियम होता, तिसऱ्या हाकेला ओ द्यायची, भुताला तीनदा हाक मारता येत नाही.

तुमचं ऐकूनही मी चित्राची बाजू सोडत नाही. 'राजाने मौन पाळलं' हे लिहायला एक ओळ लागते आणि वाचणारा ती विसरतो. ते मौन गोष्टभर टिकतं कारण वर त्याचे मिटलेले ओठ दिसत असतात. लेखकाने नियम सांगितला, पाळून दाखवला शंकरने.

मेहरूण_तलाव | २ ऑक्टोबर, सकाळी १०.१२

आमच्या आजोबांचा कायमचा प्रश्न: एवढा न्यायी राजा, त्याला एकदा खोटं उत्तर द्यायला काय झालं होतं?

वरणगाव_फाटा | २ ऑक्टोबर, सकाळी १०.२०

नागी रेड्डींनी पगार कापला असता.

खापरावरचे_मांडे | २ ऑक्टोबर, दुपारी ३.४०

टीव्हीवाल्या विक्रम-वेताळाचा उल्लेख कसा नाही? १९८५, दूरदर्शन, रामानंद सागर, अरुण गोविल राजा आणि सज्जन वेताळ. रविवारी आमच्या गल्लीत एकच टीव्ही आणि चाळीस माणसं.

निंबाचा_पार | २ ऑक्टोबर, दुपारी ४.०५

त्या वेताळाला पांढरा विग होता. पुढे जाऊया.

चाळीसगाव_पॅसेंजर | ३ ऑक्टोबर, रात्री ८.५०

मासिकाच्या शेवटच्या काळाबद्दल थोडं, कारण शंकरांनी तोही पाहिला. १९९८ मध्ये कामगारांच्या वादात अंक थांबला, १९९९ च्या अखेरीस पुन्हा निघाला. २००७ मध्ये मुंबईच्या जिओडेसिक या सॉफ्टवेअर कंपनीने 'चंदामामा' विकत घेतला. नव्या मालकांनी जुने अंक संकेतस्थळावर चढवले होते, अनेक भाषांतले, मराठीसुद्धा. मी रात्र रात्र बसून वाचलेत. मग २०१२-१३ च्या सुमारास छापील अंक बंद झाला, पुढे संकेतस्थळही गेलं. ज्यांनी वेळेत उतरवून घेतले त्यांच्याकडे आहेत, बाकीच्यांनी हात चोळायचे.

कागदाची कथा आणखी वाईट. आमच्याकडच्या एका वाचनालयाने सत्तरच्या दशकातले चांदोबाचे बांधीव खंड 'जागा अडते' म्हणून रद्दीत काढले. मला कळेपर्यंत कागद कारखान्यात पोचला होता. त्याच कपाटात आता स्पर्धा परीक्षेची गाइडं आहेत. मुलांना ती लागतात, तक्रार नाही. पण मला एक फोन करायला हवा होता, मी सायकलवर नेले असते सगळे.

भुसावळ_आउटर | ३ ऑक्टोबर, रात्री ९.१५

हे वाचून त्रास झाला. माझ्याकडे १९७१ ते ७८ मधले सुटे अंक आहेत, मधले काही गहाळ. कोणाला स्कॅन करायचे असतील तर देतो. उसने. 'उसने' हा शब्द ठळक करता येत असेल तर मॉडरेटरांनी करावा.

शाईचा_डाग | ३ ऑक्टोबर, रात्री ९.२२

मी करतो! सध्या वेळच वेळ आहे. दिवाळीत धुळ्याला येणार आहे, गाड्या सुरू असोत नसोत, बाइकने भुसावळ गाठतो.

संपादक मंडळ | ३ ऑक्टोबर, रात्री ९.३०

उत्साह समजतो, पण मासिकाचे हक्क कोणाकडे आहेत ते स्पष्ट नसताना पूर्ण अंकांचे दुवे इथे देऊ नयेत. आपापसात व्यक्तिगत निरोपातून बोलावे.

गिरणाकाठना_पोऱ्या | १८ ऑक्टोबर, सकाळी ११.००

वाचनालयं उघडनीत भो! आम्हनाकडे बी उघडनं. पोथी-पुराननी वळीमा येक जुना चांदोबा सापडना, पुठ्ठा नही, पहिलं पान नही, पन येताळ जठलाना तठे.

फैजपुरी | २६ जानेवारी २०२१, सकाळी ६.५५

धागा वर काढतोय. काल रात्री पद्म पुरस्कारांची यादी आली. के. सी. शिवशंकर, कला, तमिळनाडू, पद्मश्री, मरणोत्तर.

रानमोगरा | २६ जानेवारी, सकाळी ७.३०

छान वाटलं वाचून.

चाळीसगाव_पॅसेंजर | २६ जानेवारी, सकाळी ८.१०

छान काय त्यात? नव्वदी ओलांडेपर्यंत माणूस होता ना समोर? चार महिने आधी दिला असता तर हातात घेतला असता. यादी करणाऱ्यांनीही चांदोबा वाचलेलाच असणार की लहानपणी.

बोरू_आणि_दौत | २६ जानेवारी, सकाळी ८.४५

राग बरोबर आहे, पण मला आनंदच झाला. मासिकाच्या पानावर चित्र काढणाऱ्याला 'कला' या सदरात नाव मिळालं. आमच्या विद्यार्थिदशेत, कॅनव्हासवर काढलं तर कलाकार आणि अंकात काढलं तर पोटासाठी, अशी सरळ वाटणी होती. माझ्याच एका प्राध्यापकांनी मला 'चांदोबाछाप' म्हटलं होतं, रंगवलेल्या चित्राकडे बोट दाखवून. मी ते तेव्हा मनाला लावून घेतलं. आज फोन करून त्यांना सांगणार आहे, सर, माझं शंभरपैकी काहीतरी पद्मश्रीत आहे.

वरणगाव_फाटा | २६ जानेवारी, सकाळी ८.५०

करा, करा! आणि काय म्हणाले ते इथे लिहा.

शाईचा_डाग | २६ जानेवारी, सकाळी ११.१५

अपडेट: भुसावळ आउटर काकांचे अंक स्कॅन करून परत पोचवले, काकूंनी शेवभाजी खाऊ घातली. एक निरीक्षण. मोठ्या स्क्रीनवर बघताना लक्षात येतं की शंकर लांबची झाडंसुद्धा जात ओळखता येईल अशी काढत. नुसता हिरवा ठिपका कुठेच नाही.

निंबाचा_पार | २६ जानेवारी, दुपारी १२.४०

अभिनंदन त्यांचं आणि धाग्याचंही. माझं मत तसूभर हललेलं नाही. चित्रा यांच्यावरचा वेगळा धागा संध्याकाळी काढतोय. राक्षसांवर प्रेम असलेल्यांनी तिकडे यावं, मुंजोबाची माणसं आली तरी चालतील.